चाळीस लूप, एकही गाणं नाही: एका स्टुडिओचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका प्रोड्यूसरचं आणि एका गायिकेचं आहे. दोघांच्या परवानगीने लिहितो आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी त्यांच्याकडे गेलो तो मिक्सिंगसाठी, म्हणजे वेगवेगळी मुद्रणं जुळवून एक गाणं करण्यासाठी, बोलावलेला ध्वनी-अभियंता म्हणून. अल्बमसाठी ठरवलेल्या सहा महिन्यांपैकी चार तोवर सरले होते आणि मिक्स करण्यासारखं काहीच तयार नव्हतं.

प्रोड्यूसर नवखा नव्हता. जाहिराती, लघुपट, छोटे व्हिडिओ यांचं संगीत तो दहाएक वर्षं करत होता. त्या कामात मागणी नेमकी असते: इतके सेकंद, असा भाव, इथे उठाव, इथे थांबायचं. अशी कामं तो दोन-दोन दिवसांत हातावेगळी करायचा. गायिकेबरोबर त्याने आधी एकच गाणं केलं होतं. ते दोघांना मनापासून आवडलं आणि त्याच भरात सहा गाण्यांचा अल्बम स्वतःच्या खर्चाने करायचं ठरलं. वर कोणी कंपनी नव्हती, विचारणारं कोणी नव्हतं. मुखडे आणि शब्द गायिकेचे, वाद्यसंयोजन आणि ध्वनिमुद्रण प्रोड्यूसरचं, अशी वाटणी झाली. मतभेद झाला तर शेवटचा शब्द कोणाचा, हे कोणी बोललं नाही.

जागा म्हणजे प्रोड्यूसरची स्वतःची खोली. ३.४ मीटर लांब, २.८ मीटर रुंद. कोपऱ्यात काचेचं दार असलेला गाण्याचा बूथ, जेमतेम एक माणूस उभा राहील एवढा. भिंतींवर पातळ फोम, टेबल खोलीच्या बरोबर मध्यात, छतालगत रंग बदलणाऱ्या दिव्यांच्या पट्ट्या. पाहणाऱ्याला वाटावं की इथे भरपूर काम होत असणार.

अडचण

संगणकावर चाळीसच्या वर लूप होते, म्हणजे पुन्हापुन्हा फिरणारे संगीताचे छोटे तुकडे, प्रत्येक आठ मात्राखंडांचा. त्यातले बरेच सुंदर होते, हे मुद्दाम सांगतो, कारण प्रोड्यूसरची पक्की समजूत झाली होती की आपल्याला आता काही सुचत नाही. ज्याच्याकडे चाळीस सुरुवाती आहेत त्याला सुचत नाही असं कसं म्हणायचं? सुचलेलं पुढे जात नव्हतं, ही त्याची खरी अडचण होती.

त्याचा दिवस कसा जातो ते मी शेजारी बसून पाहिलं. सकाळी एखादी कल्पना यायची, दोन सुरांची, छान. दहा मिनिटांत तो किक ड्रमचा आवाज बदलायला लागायचा. मग स्नेअर ड्रम, मग इक्वलायझर (खर्ज आणि तीव्र सूर कमीजास्त करायचं साधन), मग बाकी सगळं बंद करून फक्त बेस ऐकणं. हे सगळं लूप फिरत असताना. इथे एक साधा हिशेब आहे. मिनिटाला ९६ ठोक्यांच्या लयीत आठ मात्राखंड, म्हणजे ३२ ठोके, २० सेकंदांत संपतात. तासाभरात तेच संगीत १८० वेळा कानावरून जातं. एवढ्या वेळा ऐकल्यावर कुठल्याही कल्पनेतलं नावीन्य उरत नाही. मग मेंदू दोनपैकी एक गोष्ट करतो: लूप कंटाळवाणा ठरवतो, किंवा त्यात इतका रुळतो की त्यानंतर येणारा कुठलाही नवा भाग परका वाटतो. प्रोड्यूसरच्या बाबतीत दोन्ही होत होतं. संध्याकाळी लूप चकचकीत झालेला असायचा आणि त्याला अंतरा जोडायला गेलं की काहीच बसायचं नाही.

दुसरी अडचण गायिकेची होती आणि ती माझ्या मते जास्त गंभीर होती. तिने फोनवर गाऊन पाठवलेले कच्चे मुखडे मी ऐकले. त्यात आवाज मोकळा, शब्दावर रेंगाळणारा, क्वचित सुरापासून किंचित ढळणारा, पण जिवंत होता. बूथमध्ये तीच व्यक्ती जपून गात होती. प्रत्येक ओळ बरोबर आणि प्रत्येक ओळ सारखीच. तिला वाटत होतं की आपला आवाज उतरतो आहे. प्रोड्यूसरला वाटत होतं की ती तयारी करून येत नाही. दोघांनी हे एकमेकांना सांगितलं नव्हतं. मला मात्र वेगवेगळं सांगितलं.

समोर असलेले पर्याय

आम्ही तिघांनी एक दुपार फक्त बोलण्यात घालवली. पाच पर्याय पुढे आले.

महिनाभर सुट्टी घ्यायची, हा पहिला. प्रोड्यूसरने याआधी दोन आठवडे सुट्टी घेऊन पाहिली होती. परतल्यावर तो त्याच फाइलमध्ये त्याच किकवर बसला होता. विश्रांतीने सुचायला मदत होते हे खरं. ग्रॅहम वॉलस यांनी १९२६ मध्ये सर्जनशील विचाराचे चार टप्पे मांडले, तेव्हा तयारीनंतर प्रश्न मनाच्या मागे मुरू देण्याला त्यांनी स्वतंत्र टप्पा मानलं होतं. पण मुरायला आधी नेमका प्रश्न लागतो. 'अल्बम कसा करू' हा प्रश्न मुरत नाही. 'या मुखड्यानंतर अंतरा वर जावा की खाली यावा' हा मुरतो.

दुसरा पर्याय नव्या सामानाचा. एक सिंथेसायझर, एक महागडा मायक्रोफोन, यादी तयारच होती. नव्या वाद्याने हात वेगळे चालतात, हे मी नाकारत नाही. पण ज्याच्याकडे निवडायला आधीच अति आहे त्याला आणखी निवडी देणं मला पटलं नाही.

तिसरा, आठवडाभर मोठा स्टुडिओ भाड्याने घेणं. गायनासाठी उत्तम, पण रचनाच अर्धवट असताना तासावर पैसे मोजत बसणं दोघांनाही परवडणारं नव्हतं. चौथा, सहप्रोड्यूसर घेणं. गायिकेचा कल याकडे होता. प्रोड्यूसरला तो स्वतःचा पराभव वाटला आणि तसं तो स्पष्ट बोलला.

पाचवा पर्याय: जागा तीच, माणसं तीच, पण कामाची रीत आणि खोली दोन्ही बदलायची. हाच निवडला, गायिकेने घातलेल्या एका अटीसह. चार आठवड्यांत दोन गाणी सुरुवातीपासून शेवटपर्यंत कच्च्या रूपात उभी राहिली नाहीत, तर सहप्रोड्यूसर येईल आणि त्यावर पुन्हा चर्चा होणार नाही. ही अट नसती तर पाचवा पर्याय म्हणजे आहे तेच पुढे ढकलणं झालं असतं.

काय केलं: कामाची रीत

पहिला बदल वेळापत्रकाचा. आठवड्याचे दिवस दोन प्रकारांत वाटले: घडवण्याचे आणि निवडण्याचे. घडवण्याच्या दिवशी इक्वलायझर उघडायचा नाही, कुठलाही ट्रॅक (एका वाद्याचं किंवा आवाजाचं स्वतंत्र मुद्रण) बाकीचे बंद करून ऐकायचा नाही, ट्रॅक आठपेक्षा जास्त नाहीत. लूप फिरवायचा नाही. आधी संपूर्ण गाण्याची लांबी आखायची: प्रोड्यूसर टेबलावर ठेका धरून, तोंडाने गुणगुणत मुखडा, अंतरा, मधलं संगीत, शेवट असं सगळं एका दमात रेकॉर्ड करायचा. वेडंवाकडं, पण पूर्ण. मग त्या आराखड्यावर वाद्यं चढवायची. दोन तास झाले की फाइल बंद.

आठ ट्रॅकच का? त्या आकड्यात जादू नाही. टॅस्कॅमचा पोर्टास्टुडिओ १९७९ मध्ये आला तेव्हा त्या कॅसेट रेकॉर्डरवर चारच ट्रॅक होते. पाचवं वाद्य हवं असेल तर आधीचे ट्रॅक एकत्र करून टाकावे लागत, म्हणजे निर्णय घेऊन मोकळं व्हावं लागे. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये कुठलाच निर्णय अखेरचा नसतो. ती मोठी सोय आहे आणि प्रोड्यूसर नेमका तिच्यात अडकला होता. मर्यादा घातल्यावर पहिले काही दिवस तो चिडला. नंतर त्याने स्वतःहून सांगितलं की आठवा ट्रॅक वापरायच्या आधी आपण आता विचार करतो.

आदल्या दिवशी केलेलं दुसऱ्या सकाळी ऐकायचं, ते खोलीच्या बाहेर, चालताना, साध्या इअरफोनवर. हातात माउस नाही, त्यामुळे लगेच दुरुस्ती शक्य नाही. फक्त तीन गोष्टी टिपायच्या: कुठे लक्ष उडालं, कुठे पुन्हा ऐकावंसं वाटलं, कुठे गाणं संपायला हवं होतं. चालण्याचं वेगळं कारणही होतं. स्टॅनफर्डच्या दोन संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, बसलेल्यांच्या तुलनेत चालणाऱ्यांना नव्या कल्पना सरासरी ६० टक्के अधिक सुचल्या होत्या. एकच बरोबर उत्तर शोधायच्या कामात मात्र चालण्याचा तसा फायदा दिसला नव्हता. आमच्या वाटणीशी हे जुळत होतं: सुचण्याचं काम चालताना, कापाकापीचं खुर्चीत.

एक गोष्ट करून सोडून दिली. ब्रायन ईनो आणि पीटर श्मिट यांनी १९७५ मध्ये 'ऑब्लिक स्ट्रॅटेजीज' नावाचा पत्त्यांचा संच काढला होता. अडलं की एक पत्ता ओढायचा आणि त्यावरची तिरकस सूचना पाळायची. प्रोड्यूसरने त्या धर्तीवर स्वतःचे पत्ते लिहिले. दोन दिवस मजा आली आणि आणखी काही सुरेख सुरुवाती जन्माला आल्या. सुरुवातींचा तुटवडा कधीच नव्हता. पत्ते कपाटात गेले.

काय केलं: खोली

स्टुडिओचा माहोल म्हटलं की लोक आधी दिव्यांकडे वळतात. इथेही तेच झालं होतं. माझ्या येण्याआधी प्रोड्यूसरने निळ्या-जांभळ्या पट्ट्या बसवल्या होत्या. त्याने गाण्यात काही फरक पडला नाही, उलट त्या उजेडात गायिकेला कागदावरचे शब्द वाचायला त्रास होत होता. तिने तो कधी बोलून दाखवला नव्हता. आम्ही पट्ट्या बंद केल्या, शब्दांच्या स्टँडवर २७०० केल्विनचा उबदार पिवळसर दिवा लावला आणि बाकी खोली मंद ठेवली. दिव्यांवर याहून जास्त वेळ घालवायची गरज नव्हती.

खरा फरक हवेने पडला. बूथ साधारण तीन घनमीटरचा, म्हणजे तीन हजार लिटर हवा. आवाज आत-बाहेर जाऊ नये म्हणून दार घट्ट, पंखा नाही. साधं काम करणारा माणूस तासाला सुमारे २० लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. अर्ध्या तासात दहा लिटर. बाहेरच्या हवेत हा वायू दशलक्ष भागांत सुमारे ४२० भाग असतो. घट्ट बंद बूथमध्ये अर्ध्या तासात त्यात तीन हजारांहून अधिक भागांची भर पडते, आणि गाणारा माणूस नुसत्या उभ्या माणसापेक्षा जास्त श्वास घेतो. शिवाय उष्णता आणि दमटपणा. गायिका चौथ्या-पाचव्या टेकनंतर (टेक म्हणजे मुद्रणासाठी एकदा गाणं) डोकं जड झाल्याची तक्रार करायची आणि ते दडपण समजलं जायचं. तिला दडपण होतंच. पण आधी तिला हवा हवी होती.

इथे पहिला मोठा निर्णय आला: बूथ सोडायचा का? प्रोड्यूसरचा विरोध योग्य होता. मोठ्या खोलीत संगणकाच्या पंख्याची घरघर होती आणि ती गाण्याच्या मायक्रोफोनमध्ये उतरली असती. तोडगा गायिकेने सुचवला: मी बाहेर गाते, संगणक बूथमध्ये ठेवा. लांब वायरी आणल्या, संगणक तापू नये म्हणून दार बोटभर उघडं ठेवलं, आणि समोरचाच आवाज जास्त पकडणारा कार्डिऑइड मायक्रोफोन अशा दिशेने लावला की त्याची पाठ बूथकडे राहील. थोडी घरघर उरली. ऐकून सगळ्यांनी ती चालवून घेतली. दर दोन टेकनंतर खिडकी उघडायची, हा नियमही तेव्हाच ठरला.

टेबलाचंही सांगितलं पाहिजे. ३.४ मीटर लांबीच्या खोलीत सुमारे ५० हर्ट्झचा खर्ज समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकून उभी लहर तयार करतो आणि लांबीच्या बरोबर मध्यात तो जवळजवळ ऐकूच येत नाही. प्रोड्यूसर तिथेच बसत होता. बेस ऐकू येत नाही म्हणून वाढवायचा, दुसरीकडे ऐकल्यावर बेस अंगावर यायचा, मग परत कमी. महिनोन्महिने ही फेरी चालू होती आणि तिचा सगळा दोष तो आपल्या कानांना देत होता. टेबल सरकवून डोकं पुढच्या भिंतीपासून सुमारे १.३ मीटरवर आणलं, म्हणजे लांबीच्या ३८ टक्क्यांच्या आसपास. अशा खोल्यांत सुरुवात करायला ही जागा बरी असते. भिंतीवरचा पातळ फोम या खर्जाचं काहीही करू शकत नव्हता, कारण त्या लहरीची लांबी जवळपास सात मीटर असते. कोपऱ्यांत खनिज लोकरीचे जाड गठ्ठे उभे केल्यावर बरंच सुधारलं.

आणि आवाजाची पातळी. तो दिवसभर ९० डेसिबलच्या पुढेमागे ऐकत होता. मोठ्या आवाजात खर्ज आणि तीव्र सूर भरीव वाटतात. हार्वी फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये हे वक्रांच्या रूपात दाखवून दिलं होतं. म्हणून मोठ्याने लावलेलं सगळंच क्षणभर चांगलं वाटतं आणि कान थकले की काहीच चांगलं वाटत नाही. कानांच्या सुरक्षेचा प्रश्न वेगळाच: अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास ही मर्यादा आहे आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ९१ ला फक्त दोन तास. आम्ही पातळी ७५ च्या आसपास आणून व्हॉल्यूमच्या बटणावर खूण केली. तेवढ्या आवाजात दोन माणसं बोलूही शकतात. या दोघांच्या बाबतीत हा फायदा लहान नव्हता.

काय केलं: गायिकेच्या कानात काय पडतं

या भागावर मी सगळ्यात जास्त वेळ दिला आणि आजही माझं मत आहे की अल्बम इथे सावरला.

गायिका हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा ऐकत होती. फाइलमध्ये जड प्लगइन (आवाजावर प्रक्रिया करणारी जोड-सॉफ्टवेअर) भरलेले, त्यामुळे संगणक अडखळू नये म्हणून बफर, म्हणजे संगणक आवाजाचे जितके नमुने (सॅम्पल) साठवून मग पुढे पाठवतो तो साठा, १०२४ सॅम्पलवर ठेवलेला. सेकंदाला ४८,००० सॅम्पलच्या हिशेबात हे २१ मिलिसेकंद होतात. आवाज आत जाऊन परत बाहेर यायचा म्हणजे त्याच्या दुप्पट, वर सगळं एकत्र येतं त्या मास्टर ट्रॅकवरच्या लिमिटरचा (आवाज ठरावीक पातळीपलीकडे जाऊ न देणारं साधन) आणखी उशीर. हाडांतून पोचणारा स्वतःचा आवाज आत्ताचा आणि कानातला मागचा. अशा स्थितीत कोणीही जपूनच गाईल. तिने आधी एकदा विचारलं होतं की काहीतरी मागे राहतंय का, आणि तिला उत्तर मिळालं होतं की सवय होईल.

उपाय सोपा होता. संगीताची एक साधी स्टिरिओ फाइल काढली, ती कोऱ्या सेशनमध्ये टाकली, बफर ६४ वर आणला, लिमिटर काढला. एका बाजूचा उशीर दीड मिलिसेकंदाच्या आत आला. तिच्या आवाजावर थोडा रिव्हर्ब (घुमारा) दिला, जो फक्त तिच्या कानात होता, रेकॉर्डिंगमध्ये नाही. संगीत कमी केलं आणि आवाजाची बटणं तिच्या हाताशी ठेवली. एका कानावरचा हेडफोन तिने सरकवून ठेवला. बरेच गायक असं करतात, कारण खोलीतला खरा आवाज ऐकला की सूर सापडतो.

दुसरी गोष्ट शांततेची. पूर्वी टेक संपला की प्रोड्यूसर पडद्याकडे पाहत राहायचा. काचेपलीकडे उभ्या असलेल्या माणसाला ती दहा-पंधरा सेकंदांची शांतता नापसंतीसारखी वाटते. कधी खोलीत पाहुणा असायचा, मग दोघांचे हलणारे ओठ दिसायचे आणि शब्द ऐकू यायचे नाहीत. नवा नियम असा: टेक संपताच काहीतरी बोलायचं, 'थांब, विचार करतो' एवढं तरी. एका वेळी एकच सूचना, आणि ती गाण्यातल्या माणसाबद्दल, म्हणजे तो हे कोणाला सांगतोय, केव्हा सांगतोय. सूर कुठे खाली गेला ते नंतर पाहता येतं. गायनाच्या वेळी खोलीत तिसरं कोणी नाही. मीही बाहेर थांबायचो. फोन बाहेर.

आणि तिच्या संमतीने पहिल्या गुणगुणण्यापासून सगळं रेकॉर्ड होत राहायचं. 'आता रेकॉर्ड करतोय' हे वाक्य खोलीतून गेलं.

निर्णयाचे दोन अवघड क्षण

एका गाण्याचा अंतरा फोनवरच्या मुद्रणात अप्रतिम होता. बदललेल्या खोलीत, बदललेल्या हेडफोनमध्ये तिने तो अनेकदा गायला, चांगलाही गायला. पण फोनमध्ये एका शब्दाआधी तिने घेतलेला श्वास आणि मग जरा उशिरा उचललेला सूर पुन्हा आला नाही. फोनचा आवाज मोनो, मागे खोलीचा घुमारा, लय स्वतःच्या मनाने चालणारी. प्रोड्यूसर म्हणत होता की हे तांत्रिकदृष्ट्या वापरण्याजोगं नाही. गायिका म्हणत होती की कच्च्या मसुद्याच्या प्रेमात पडून चांगली नवी गोष्ट नाकारू नये. ही भीती रास्त होती. पहिल्या मसुद्याची सवय झाल्याने प्रत्येक सुधारणा वाईट वाटणं हा या धंद्यातला ओळखीचा रोग आहे.

निर्णय कसा घेतला ते महत्त्वाचं. दोन्ही अंतरे सारख्या पातळीवर आणून, नाव न सांगता, हे गाणं कधीही न ऐकलेल्या दोन जाणत्या मित्रांना ऐकवले. दोघांनी फोनचा निवडला. मग प्रोड्यूसरने जे केलं ते मला फार आवडलं: आवाजाला गाण्यात बसवण्याऐवजी त्याने गाणं आवाजाभोवती बांधलं. सॉफ्टवेअरमधली लय तिच्या गाण्याप्रमाणे ओळीओळीला बदलत नेली, अंतऱ्यात फक्त एक गिटार आणि लांब धरलेला एक सूर ठेवला. वाद्यं कमी असल्याने फोनचा खरखरीतपणा उणीव वाटत नाही.

दुसरा क्षण चार आठवडे संपल्यावरचा. हाती एक गाणं पूर्ण कच्च्या रूपात होतं, दुसरं दोन तृतीयांश. अट अक्षरशः पाळली तर ती मोडली होती. प्रोड्यूसरचा युक्तिवाद असा की गाडी आता सुरू झाली आहे, मध्ये माणूस बदलला तर लय तुटेल. गायिकेने सांगितलं की अट घातली होती ती नेमकी या वाक्यासाठी. खोलीत बराच वेळ ताण होता. शेवटी ठरलं की सहप्रोड्यूसर येईल, पण दोनच गाण्यांसाठी, आणि तीही ज्यांना प्रोड्यूसरने अजून हात लावलेला नाही अशी. अटीचा मान राहिला आणि सुरू झालेलं कामही थांबलं नाही. माझ्या मते हा या प्रकरणातला सर्वांत समंजस निर्णय होता.

निष्पत्ती

अल्बम पाच गाण्यांचा झाला, सहाऐवजी. एक गाणं तिघांच्या संमतीने सोडलं. त्याचा मुखडा सुंदर होता आणि अंतरा शेवटपर्यंत सापडला नाही. काम सहाच्या जागी साडेसात महिन्यांनी संपलं. सहप्रोड्यूसरच्या दोन गाण्यांपैकी एक सगळ्यांना पसंत आहे. दुसरं गायिकेला आजही आपलं वाटत नाही, आणि ती ते कार्यक्रमात गात नाही.

प्रोड्यूसरने आठ ट्रॅकची मर्यादा नंतर सोडून दिली. आधी पूर्ण लांबीचा आराखडा आणि दुसऱ्या सकाळी चालताना ऐकणं, या दोन सवयी मात्र टिकल्या. जाहिरातीच्या कामात तो इतका वेगवान का होता हेही त्याच्या लक्षात आलं: तिथे शेवट आधी ठरलेला असायचा आणि निवडणारा माणूस दुसरा असायचा. स्वतःच्या अल्बममध्ये घडवणारा आणि नाकारणारा एकाच खुर्चीत, एकाच मिनिटाला बसले होते.

वेगळं काय करता आलं असतं

गायिकेला पहिल्याच आठवड्यात विचारायला हवं होतं. दिव्याचा त्रास, उशिरा येणारा आवाज, जड डोकं, हे सगळं तिला माहीत होतं. खोली प्रोड्यूसरची असल्याने तक्रार करणं तिला अवघड वाटलं. स्टुडिओ ज्याचा असतो त्याला ही शांतता समाधानाची वाटू शकते, म्हणून विचारण्याची जबाबदारी त्याच्याकडे येते. सत्रानंतर पाच मिनिटं, फक्त 'आज काय अडलं' या एका प्रश्नासाठी ठेवली असती तर दोन-तीन महिने वाचले असते असं मला वाटतं.

शेवटचा शब्द कोणाचा हे कागदावर हवं होतं. शब्द आणि गायन यात गायिकेचा, ध्वनी आणि संयोजनात प्रोड्यूसरचा, गाण्यांच्या निवडीत दोघांचं एकमत, एवढं तरी. चार आठवड्यांच्या अटीवरून झालेला ताण मुळात यातूनच आला.

खोलीतले बदल एकदम केले गेले, हेही मला खटकतं. हवा, हेडफोन, जागा, बोलण्याची पद्धत, सगळं एकाच आठवड्यात बदललं. त्यामुळे गायनातला फरक कशाने किती पडला हे वेगळं काढता येत नाही. माझा कौल हेडफोनला, गायिकेचा हवेला आणि मोठ्या खोलीला, प्रोड्यूसरचा बोलण्याच्या पद्धतीला. वेळ हाताशी असता तर एका आठवड्यात एक बदल करून पाहायला हवा होता.

सहप्रोड्यूसरही उशिरा आला. तो सुरुवातीपासून आठवड्यातून एकदा फक्त ऐकणारा म्हणून असता, तर त्याच्या येण्याला पराभवाचा रंग चढला नसता, आणि ते परकं राहिलेलं गाणं कदाचित गायिकेच्या जास्त जवळ गेलं असतं. पुढच्या कामासाठी दोघांनी तसंच ठरवलं आहे. पहिले दोन आठवडे आवाज आणि एकच वाद्य, मोठ्या खोलीत. तिसरा माणूस दर शनिवारी येऊन ऐकणार. आणि गाण्याचा शेवट सापडल्याशिवाय ड्रमचा आवाज निवडायचा नाही.